वायर मोजली, टर्मिनलचं काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या पंचक्रोशीत वीज किती तऱ्हांनी वापरली जाते ते पाहण्यासारखं आहे. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२ साली सुरू झाला. वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. वणी आणि पांढरकवड्याकडे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग आहेत, आणि रानोमाळ विहिरींवर तीन, पाच, साडेसात एचपीचे पंप आहेत. कारखान्यातलं माणसाच्या उंचीचं पॅनल आणि विहिरीवरच्या खांबाला ठोकलेला पत्र्याचा स्टार्टर बॉक्स यांच्यात फरक जमीन-अस्मानाचा. पण दोन्हीकडे वायर शेवटी एका स्क्रूखाली किंवा बोल्टखाली जाते, आणि पॅनल जळतं तेव्हा जळायची सुरुवात बहुतेक वेळा त्याच जागी झालेली असते.

वायर निवडायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. लोड किती अँपिअर ते काढायचं, टेबल उघडायचं, त्यात बसेल ती वायर घ्यायची. ‘वीस अँपिअर आहे ना, मग चारची टाक’ हे वाक्य कुठल्याही साइटवर ऐकू येतं. हे टेबल एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : वायरच्या मधल्या लांबीत तांबं किती तापेल आणि ते त्यावरच्या प्लॅस्टिकला सोसेल का. वायरचं टोक ज्या एमसीबीत, कॉन्टॅक्टरमध्ये किंवा एमसीसीबीत जाणार आहे, त्याबद्दल टेबल काही सांगत नाही. टर्मिनलला स्वतःच्या मर्यादा असतात. किती तापमान सोसेल, किती जाडीची वायर मावेल, स्क्रू किती आवळायचा, अ‍ॅल्युमिनियम चालेल की नाही, हे सगळं त्यात येतं. वायर आणि टर्मिनल या दोघांत ज्याची कुवत कमी, त्याच्या हिशेबाने जोड चालवावा लागतो.

आधी वायरचा हिशेब. पीव्हीसी आवरणाच्या वायरमधलं तांबं कायम ७० अंशांपर्यंत तापलेलं चालतं, एक्सएलपीईचं ९० अंशांपर्यंत. आंतरराष्ट्रीय आयईसी मानकाच्या टेबलनुसार पाइपातून नेलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर २४ अँपिअर वाहून नेते. मात्र हा आकडा भोवतालची हवा ३० अंशांवर धरून दिलेला आहे. हवा ४५ अंशांवर गेली की त्याला ०.७९ ने गुणायचं. म्हणजे उरले १९. पत्र्याच्या पेटीत हवा ६० अंशांवर गेली तर गुणक थेट ०.५०, आणि त्याच वायरची कुवत १२ अँपिअर. मुकुटबनला मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या आसपास असणं नेहमीचंच आहे. उन्हात तापणाऱ्या, आतून कॉन्टॅक्टरची उष्णता सोसणाऱ्या, फटी बुजवलेल्या पेटीत ६० अंश ही काही अतिशयोक्ती नव्हे. शिवाय भारतीय केबल कंपन्यांची काही टेबलं ४० अंश धरून केलेली असतात आणि काही ३०. त्यामुळे आकडा उचलण्याआधी टेबलाच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचणं भाग आहे. घाईत नेमकं तेच राहून जातं.

आता टर्मिनल. इथे अमेरिकेची आणि आपली वाट वेगळी होते, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतलं ११०.१४(सी) हे कलम सरळ सांगतं : १०० अँपिअरपर्यंतच्या उपकरणाचं टर्मिनल ६० अंशांचं धरा, त्यावरचं ७५ अंशांचं, उपकरणावर वेगळं काही छापलेलं असेल तर ते माना. मग वायर ९० अंशांची का असेना, तिची कुवत टर्मिनलच्या रकान्यातून वाचायची. तिकडची ८ नंबरची तांब्याची वायर, म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर, ९० च्या रकान्यात ५५ अँपिअरची आहे, ७५ च्या रकान्यात ५० ची आणि ६० च्या रकान्यात फक्त ४० ची. वायर तीच, पण टर्मिनल ६० अंशांचं असलं की तिच्यातून ४० च न्यायचे. ९० अंशांचा आकडा उष्णतेची सूट काढताना सुरुवातीला धरता येतो. हाती आलेलं उत्तर मात्र टर्मिनलच्या आकड्याच्या वर जाता कामा नये.

आपण आयईसीच्या वाटेने जातो. एमसीबीसाठी आयएस/आयईसी ६०८९८, मोठ्या स्विचगिअरसाठी ६०९४७, अख्ख्या पॅनलसाठी ६१४३९. या मानकांत टर्मिनलवर ६० किंवा ७५ असा शिक्का नसतो. त्याऐवजी चाचणीत टर्मिनल भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापलं तर चालेल ते दिलेलं असतं. एमसीबीच्या टर्मिनलला ही सवलत ६० अंशांची आहे, आणि पॅनलला बाहेरून जोडायच्या केबलच्या टर्मिनलला ७० अंशांची. ३५ अंशांच्या हवेत ७० अंशांची वाढ म्हणजे १०५ अंश. त्याच टर्मिनलला जोडलेली पीव्हीसी ७० अंशांची आहे आणि एक्सएलपीई ९० ची. पूर्ण भाराने सतत चालणाऱ्या पॅनलमध्ये टर्मिनल मानकात बसून पास होऊ शकतं आणि त्याला चिकटलेल्या वायरचं आवरण रोज थोडं थोडं करपत राहू शकतं, असा याचा अर्थ होतो. ७० अंशांपेक्षा जास्त तापमानाला चालणारा कंडक्टर जोडायचा असेल तर उपकरण ते सोसतं का याची खात्री करा, असं आयईसीचं वायरिंग मानकही सांगतं. पण ते टेबलाखालच्या टिपेत आहे, आणि टिपा वाचायला साइटवर कोणाला सवड नसते. अमेरिकेची पद्धत या एका बाबतीत जास्त भली आहे. तिथे इलेक्ट्रिशियनला उष्णतेचं शास्त्र ठाऊक नसलं तरी टर्मिनलवरचा आकडा वाचून काम भागतं.

आपल्या मानकांत एक गोष्ट मात्र फार उपयोगाची आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. कोणत्या अँपिअरला कोणत्या जाडीची वायर लावून चाचणी घ्यायची, ते ठरवून दिलेलं आहे. २० अँपिअरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटर, २५ ला चार, ३२ ला सहा, ५० पर्यंत दहा, ६३ ला सोळा. ६३ अँपिअरचा एमसीबी प्रयोगशाळेत सोळाच्या वायरसह पास झालेला असतो. त्या चाचणीत वायर करंट नेते तशी टर्मिनलची उष्णताही खेचून बाहेर नेते. साइटवरचा हुशार सुपरवायझर टेबल काढतो, एक्सएलपीईची दहाची वायर ७५ अँपिअर सोसते असं बघतो आणि ६३ च्या एमसीबीला दहाची लावतो. टेबलाप्रमाणे तो चुकलेला नाही. पण ६३ अँपिअरला सोळाची वायर मीटरमागे साडेचार वॅटच्या आसपास उष्णता सोडते आणि दहाची सव्वासात. टर्मिनलला थंड करायला जी वायर हवी होती, तीच आता त्याला तापवते.

यातून पुढे जी साखळी सुरू होते, ती विदर्भातल्या उन्हाळ्यात जागोजाग दिसते. एमसीबीची थर्मल पट्टी ३० अंशांना नेमलेली असते. पेटीतली हवा तापली, टर्मिनलमधून उष्णता आत शिरली की ३२ चा एमसीबी ३२ च्या आधीच पडू लागतो. शेजारीशेजारी दाटीने बसवलेले एमसीबी एकमेकांना तापवतात ते वेगळंच. पॅनलच्या मानकात म्हणूनच दोन-तीन सर्किटं असतील तर ०.९, सहा ते नऊ असतील तर ०.७ आणि दहापासून पुढे ०.६ असे भाराचे गुणक दिलेले आहेत. दुपारी दोनला लाइन जाते, तक्रार येते, आणि वायरमन ३२ काढून ४० चा बसवतो. तक्रार मिटते. वायर मात्र सहाची किंवा चारचीच राहते, आणि तिला जपणारा एमसीबी आता तिच्यापेक्षा मोठा झालेला असतो. एमसीबी उन्हाळ्यातच पडत असेल तर आधी पेटीतली हवा, टर्मिनलचा स्क्रू आणि वायरची जाडी तपासायची असते, एमसीबीचा नंबर नंतर.

तापमानानंतर येतो निव्वळ मापाचा प्रश्न : वायर भोकात मावते का? एमसीबीच्या मानकात हेही ठरलेलं आहे. २५ ते ३२ अँपिअरच्या टर्मिनलने अडीच ते दहा चौरस मिलिमीटरपर्यंतची वायर नीट पकडली पाहिजे, ५० ते ८० च्या टर्मिनलने दहा ते पंचवीस. कंपनी आपला नेमका पल्ला एमसीबीच्या अंगावर किंवा खोक्यावर छापते, शेजारी स्क्रूचा टॉर्क आणि वायर किती मिलिमीटर सोलायची तेही. बारीक वायर मोठ्या टर्मिनलमध्ये घातली तर ती चिमट्याच्या एका कोपऱ्यात सरकते आणि स्क्रू आवळूनही सैल राहते. जाड वायर लहान टर्मिनलमध्ये घालायची वेळ आली की त्याहून वाईट घडतं. सोळा चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम केबलमध्ये सात पदर असतात. भोकात पाचच जात असतील तर पकडीने दोन पदर मुळाशी छाटून टाकायचे आणि उरलेले पाच आत कोंबायचे, ही युक्ती अनेक हातांना सवयीची झाली आहे. बाहेरून बघणाऱ्याला केबल सोळाचीच दिसते. स्क्रूखाली मात्र ती साडेअकराच्या आसपास उरलेली असते, आणि छाटताना शेजारच्या पदरावर ओरखडा उठला असेल तर त्याहून कमी. मऊ फ्लेक्सिबल वायरच्या बारीक तारा फेरूलशिवाय स्क्रूखाली दाबल्या की काही तारा तुटतात, काही बाहेर पसरतात. त्यावर उपाय म्हणून टोकाला कथील लावणारे आहेत. पण कथील दाबाखाली हळूहळू वाहतं आणि जोड सैल होतो, म्हणून स्क्रूच्या टर्मिनलला ते चालत नाही. फेरूल दाबायचं हत्यार फारसं महाग नाही. ते नसल्याची सबब ऐकून घेऊ नये.

जाड वायर आणि लहान टर्मिनल यांची गाठ शेतात सर्वांत जास्त पडते, आणि त्याला कारणही रास्त आहे. पाच एचपीचा थ्री-फेज पंप सात-आठ अँपिअर घेतो, त्याला अडीचची वायर पुरे. पण डीपीवरून विहीर ३०० मीटरवर असेल तर तांब्याच्या अडीचच्या वायरमध्ये २५ व्होल्टच्या आसपास दाब वाटेतच खर्च होतो, सहाच्या वायरमध्ये दहा. शेतकरी जाड वायर घेतो ते शहाणपणच असतं, आणि परवडावी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची दहाची किंवा सोळाची घेतो. ती वायर येऊन थांबते स्टार्टरच्या दारात, जिथलं टर्मिनल चारच्या वायरसाठी केलेलं असतं. आधीच ओढूनताणून येणारी लाइन ४१५ ऐवजी ३५० व्होल्टवर आली की तेवढंच काम करायला मोटर १९ टक्के करंट जास्त ओढते आणि त्या जोडात ४० टक्के जास्त उष्णता होते. उपाय अवघड नाही. जाड केबल पेटीतल्या वेगळ्या टर्मिनल ब्लॉकवर थांबवायची, आणि तिथून स्टार्टरपर्यंत हातभर तांब्याची अडीच किंवा चारची वायर न्यायची. किंवा केबलच्या टोकाला पिन टाइप लग दाबायचा, म्हणजे बारीक पिन टर्मिनलमध्ये जाते आणि सगळे पदर लगच्या पोटात राहतात. आठ अँपिअरसाठी ती हातभर वायर बारीक पडत नाही, कारण दाब खर्च होण्याचा प्रश्न ३०० मीटरचा होता.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी सांगावी लागते. त्याच्यावर हवेतच ऑक्साइडचा थर धरतो आणि तो थर वीज जाऊ देत नाही. ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं : अंशागणिक दहा लाखांत २३ भाग, तांबं १७. वर सतत दाब राहिला की ते हळूहळू वाहून बाजूला सरकतं. रोज मोटर चालू-बंद, रोज तापणं-निवणं, आणि काही महिन्यांत घट्ट आवळलेला स्क्रू सैल झालेला सापडतो. अमेरिकेत १९६५ ते १९७२ च्या सुमारास तांब्याच्या भाववाढीमुळे घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर घातली गेली. पुढे तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत अशा घरांतले जोड धोक्याच्या तापमानाला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट निघाली. वायर मधून जळत नव्हती, घोटाळा टोकांचा होता. तांब्यासाठी केलेल्या स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियम गेलं होतं. आपल्याकडे मोठ्या केबली अ‍ॅल्युमिनियमच्याच राहणार आहेत, त्या वजनाला आणि किमतीला परवडतात. त्यांच्यासाठी योग्य मापाचा अ‍ॅल्युमिनियम लग, आत जॉइंटिंग पेस्ट, योग्य डाय लावलेलं क्रिंपिंग आणि तांब्याच्या बसबारशी गाठ असेल तिथे बायमेटल लग किंवा वॉशर, एवढं सगळं लागतं. हातोड्याने ठोकून चपटा केलेला लग म्हणजे क्रिंपिंग नव्हे.

कारखान्याच्या आणि जिनिंगच्या पॅनलमध्ये हीच गोष्ट मोठ्या मापाने घडते. २५० अँपिअरच्या एमसीसीबीची चाचणी १२० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने होते. तेवढाच करंट न्यायला येते साडेतीन कोरची अ‍ॅल्युमिनियम केबल, १५० किंवा १८५ ची, आणि तिच्या लगचा तळवा एमसीसीबीच्या दोन भिंतींमध्ये बसत नाही. मग ग्राइंडरने लगच्या कडा घासल्या जातात, किंवा बोल्ट मोठा म्हणून भोक वाढवलं जातं. ज्या पृष्ठभागातून अडीचशे अँपिअर जायचे, तोच कापून टाकला जातो. यासाठी कंपन्या स्प्रेडर लिंक विकतात. ती टर्मिनलला जोडली की फेजमधलं अंतर वाढतं आणि पूर्ण लग सपाट बसतो. पॅनलच्या किमतीत तिचा वाटा किरकोळ असतो, पण ऑर्डरच्या यादीत ती लिहिलेली नसते. कारण केबल एकाने ठरवलेली असते, पॅनल दुसऱ्याने केलेलं असतं आणि जोडणी तिसऱ्याच्या गळ्यात पडते. जिनिंगमध्ये हवेत कापसाचा तंतू उडत असतो. तिथे तापलेल्या लगवर तंतूचा थर साचणं म्हणजे आगीला आवतणच.

सैल किंवा तोकडा जोड इतका घातक का, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. जोडाचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच वाढला आणि त्यातून ६३ अँपिअर गेले, तर तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी यांपैकी कोणीही तापलेल्या जोडाकडे बघत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती प्लॅस्टिकच्या वितरण पेट्यांना लागणाऱ्या आगी वाढल्या, आणि त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा सैल जोड निघाले, तेव्हा तिथल्या वायरिंग नियमांनी २०१६ पासून घरातली पेटी न जळणाऱ्या पदार्थाची, म्हणजे व्यवहारात लोखंडी, करायला लावली. जोड सैल राहणार हे धरूनच केलेली ही तरतूद होती. जोड सैल राहू नये म्हणून मात्र टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर लागतो. बहुतेक लहान एमसीबींवर २ ते २.५ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. मनगटाच्या अंदाजाने कोणी एक लावतो, कोणी चार. चार लावला की चिमटा फाकतो किंवा स्क्रूचे आटे जातात, आणि बाहेरून मात्र सगळं झकास आवळलेलं दिसतं.

जोड तापतोय हे वेळेवर कळण्याचा खात्रीचा मार्ग थर्मल कॅमेरा. मोठ्या कारखान्यांत तो नियमाने फिरतो. विद्युत चाचणीच्या क्षेत्रातल्या नेटा या अमेरिकी संस्थेच्या निकषाप्रमाणे सारख्याच भाराच्या दोन जोडांत १५ अंशांहून जास्त फरक दिसला तर दुरुस्ती तातडीची धरतात. कॅमेरा लोड चालू असताना लावायचा, नाहीतर सगळेच जोड गार दिसतात. लहान जिनिंगला किंवा पिठाच्या गिरणीला कॅमेरा परवडत नाही, पण लाइन बंद करून बघता येतं. टर्मिनलजवळचं आवरण तपकिरी किंवा कडक झालेलं, तांबं काळवंडलेलं, करपल्याचा वास, या खुणा डोळ्याला आणि नाकाला कळतात. असं टोक परत आवळून भागत नाही. ते कापून, ताजं सोलून पुन्हा जोडावं लागतं.

घरांतही हा प्रश्न आता वाढतोय. जुन्या घरांत तीन-बावीस आणि सात-वीस या जुन्या गेजच्या वायरी अजून भिंतीत आहेत. तीन-बावीस म्हणजे जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. तिच्यावर एसी किंवा गाडीचा चार्जर चढला की रात्रभर सलग भार राहतो, आणि टर्मिनलला निवायला वेळच मिळत नाही. नवी वायर घेताना कमी गेजचा माल गळ्यात पडण्याची भीती असते. अडीचच्या फ्लेक्सिबल वायरच्या ९० मीटरच्या बंडलाचा रोध २० अंशांना ०.७२ ओहमपेक्षा जास्त भरता कामा नये. चांगलं मीटर असलेला दुकानदार हे पाच मिनिटांत दाखवू शकतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०२३ साली नव्याने आले, राष्ट्रीय विद्युत संहिताही त्याच वर्षी सुधारली, आणि वायरिंगचं आयएस ७३२ हे मानक २०१९ साली. काम परवानाधारकाने करावं हे बंधन आहे, राज्यात विद्युत निरीक्षकाचं कार्यालय आहे, आयटीआयमधून दरवर्षी वीजतंत्री आणि तारतंत्री बाहेर पडतात. उणीव आहे ती कागदावरच्या एका रकान्याची. पॅनलच्या ड्रॉइंगसोबत केबलची यादी येते : कुठून कुठे, किती कोर, किती चौरस मिलिमीटर, किती लांबी. त्या यादीत ‘टर्मिनलचा पल्ला’, ‘लगचा प्रकार’, ‘टॉर्क’ आणि ‘पेटीतलं धरलेलं तापमान’ हे रकाने घातले तर वर सांगितलेल्या निम्म्याहून अधिक चुका माल साइटवर येण्याआधीच उघड होतील. सरकारी निविदांनी हे सुरू केलं तर पॅनल बनवणारे मागोमाग येतील.

शेतात सध्या नवं पॅनल येतंय ते सौर पंपाचं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून कंट्रोलरची पेटी आता रानात उभी राहते आहे. तिला येणारी चार चौरस मिलिमीटरची सौर केबल ९० अंशांवर सतत चालते, थोडा काळ १२० अंशही सोसते. कंट्रोलरच्या आतलं टर्मिनल तेवढं सोसेलच असं नाही, आणि ही पेटी नेमकी उन्हातच असते. त्यात ही वीज डीसी. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो मिळत नाही, सैल जोडातली ठिणगी पेटली की पेटतीच राहते. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर एकमेकांत शिरतात, क्लिक असा आवाजही होतो, पण आतल्या धातूचा मेळ बसेल याची हमी कोणतीच कंपनी देत नाही. पंप बसवून घेताना शेतकऱ्याने कनेक्टरच्या दोन्ही बाजूंवर एकाच कंपनीचं नाव आहे ना, हे बघून घ्यावं आणि कंट्रोलरच्या माहितीपत्रकातलं टर्मिनलचं पान बसवणाऱ्याकडून मागून ठेवावं.